ज्यांना रविवार नाही

(जिल्हा कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज रविवार आहे. आपण येथे जमू शकलो ते बहुतेकांना आज सुट्टी आहे म्हणून. ही सुट्टी आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत असत, त्या काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या आणि १८९० साली गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. सत्यशोधक चळवळीतल्या या माणसाची मागणी अगदी साधी होती. माणूस हे यंत्र नव्हे, त्याला सात दिवसांतून एक दिवस उसंत हवी. मालकांचे म्हणणेही आपल्या ओळखीचेच होते: सुट्टी दिली तर धंदा बुडेल, आणि सुट्टी घेऊन हे लोक करणार तरी काय?

लोखंड्यांनी मिळविलेला तो रविवार गिरणी कामगाराच्या खोलीत शिरला तेव्हा खोलीतल्या सर्वांच्या वाट्याला तो आला नाही. कोपऱ्यातल्या अंथरुणावर पडलेली म्हातारी रविवारीही कूस बदलून मागत होती, आणि ती बदलून देणाऱ्या बाईला रविवार नव्हता. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. त्या बाईला अजूनही रविवार नाही. आज मला तिच्याविषयी बोलायचे आहे.

या विषयावर बोलण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे आधी सांगितले पाहिजे. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतर ती सात वर्षे व काही महिने अंथरुणावर होती. त्या काळात मी पूर्ण वेळ चळवळीत होतो. मोर्चे, परिषदा, दौरे, क्वचित तुरुंग. घरी माझी पत्नी होती. ती शाळेत शिक्षिका होती. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिने राजीनामा दिला. तो तिने माझ्याशी चर्चा करून दिला असे मी लोकांना सांगत असे. खरी गोष्ट अशी की चर्चा झालीच नाही. होण्याजोगे काही आहे असे मला वाटलेच नाही. आई गेल्यानंतर एकदा सहज बोलता बोलता आम्ही हिशेब केला. त्या सात वर्षांत माझी पत्नी घराबाहेर किती रात्री झोपली? एक. तिच्या भाचीच्या लग्नाची. तीसुद्धा शेजारच्या काकूंच्या हातापाया पडून मिळविलेली. आणि त्याच सात वर्षांत स्त्री-पुरुष समतेवर मी किती व्याख्याने दिली, याचा हिशेब मात्र माझ्या डायऱ्यांतून नेमका काढता येतो.

ही कबुली मी सहानुभूती मिळविण्यासाठी देत नाही. या सभागृहातल्या पुष्कळ घरांची स्थिती अशीच आहे अशी माझी खात्री आहे, आणि म्हणूनच आपल्या ठरावांत हा प्रश्न कधी आला नाही. ज्यांच्यावर भार होता त्या शिबिराला येऊ शकत नव्हत्या, आणि जे येऊ शकत होते त्यांच्यावर तो नव्हता.

भार म्हणजे नेमके काय, ते थोडे तपशिलाने पाहू, कारण आपल्याकडे ‘सेवा’ हा एक शब्द उच्चारून त्यातला सगळा घाम पुसून टाकण्याची रीत आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या भरून येत नाहीत. दर दोन तासांनी याचा अर्थ रात्री बारालाही, दोनलाही आणि चारलाही. प्रौढ माणसाचे वजन एकट्या बाईने उचलायचे, अंग पुसायचे, चादर बदलायची, मलमूत्र काढायचे, भरवायचे. आणि भरवताना ठसका लागणार नाही म्हणून घास घास जपायचा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे त्याहून निराळे. तो चालता-फिरता असतो, म्हणून त्याच्यावरची नजर क्षणभर काढता येत नाही. दार उघडे राहिले की माणूस रस्त्यावर. आपल्या देशात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला आहे. मतिमंदत्व किंवा मेंदूचा पक्षाघात घेऊन जन्मलेल्या मुलांच्या आयांची तर गोष्टच निराळी. आजाऱ्याची शुश्रूषा कधीतरी संपते. या आयांची संपत नाही. साठीतली आई चाळिशीतल्या मुलाला आंघोळ घालते आणि रोज एकच विचार करते: माझ्यानंतर कोण?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली लोकांच्या वेळाच्या वापराची पाहणी केली. १५ ते ५९ या वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. देखभाल करणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा वेळ सरासरी १४० मिनिटे, पुरुषाचा ७४. यात लहान मुलांचे संगोपनही आले, हे ध्यानात ठेवावे. पण आकडे पाहताना मला वाटते ते असे की, अशा पाहणीत हातांनी केलेले काम मोजले जाते. पलीकडच्या खोलीतली हालचाल ऐकू यावी म्हणून कान टवकारून घेतलेली झोप ही शेवटी ‘झोप’ याच रकान्यात जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुलांनी आईबापांना सांभाळले नाही तर न्यायाधिकरण दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा हुकूम करू शकते; टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. या कायद्याला माझा विरोध नाही. निराधार वृद्धांना त्याचा आधार मिळाला आहे. परंतु त्यातली दृष्टी पाहा. जो सांभाळत नाही त्याच्यासाठी शिक्षा लिहिली आहे. जी सांभाळते आहे तिच्यासाठी काय? एक ओळसुद्धा नाही. राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम काढावा, असे त्याच कायद्यात म्हटले आहे, तेही ‘काढू शकेल’ अशा भाषेत.

२०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा एक पाऊल पुढे गेला. त्यात ‘काळजीवाहू’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि वेतन घेऊन वा न घेता देखभाल करणारे आईवडील व कुटुंबीय त्या व्याख्येत आले आहेत. ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख आहे. पण या योजना सरकारने करायच्या त्या ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत’. साथींनो, हे शब्द वाचले की सरकारी कायदे कसे वाचावेत ते आपल्याला आता कळते. वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला दरमहा २०० रुपये आहे आणि कित्येक वर्षे तो तेथेच आहे. त्यावरून या कुवतीचा अंदाज करावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘समर्थ’ नावाची योजना आली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असणाऱ्यांना काही काळ निवासी ठेवून कुटुंबाला विसावा द्यावा, ही त्यातली कल्पना. कल्पना उत्तम. मात्र ती नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेने पुढे येऊन राबवायची. जेथे अशी संस्था नाही तेथे योजना कागदावर. आपल्या जिल्ह्यातल्या किती आयांनी ‘समर्थ’चे नाव ऐकले आहे, हे आपल्यापैकी कोणीही घरोघर विचारून पाहावे.

मी ज्याला उसंत म्हणतो त्याला इंग्रजीत ‘रेस्पाइट’ म्हणतात. याचा अर्थ रुग्णाला कायमचे संस्थेत टाकणे असा नाही. आठवड्यातून काही तास शिकलेली बाई घरी यावी आणि घरच्या बाईने बाहेर जावे. तालुक्याच्या गावी दिवसाचे केंद्र असावे. वर्षातून दोन-तीन आठवडे ग्रामीण रुग्णालयात किंवा निवासात रुग्णाची सोय व्हावी. आणि याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा. एवढीच मागणी.

ही मागणी कोठे मान्य झाली आहे का? झाली आहे, पण सुखासुखी नाही. ब्रिटनमध्ये मेरी वेबस्टर या धर्मोपदेशक बाई आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी काम सोडून घरी बसल्या होत्या. त्यांनी १९६५ साली आपल्यासारख्या अविवाहित स्त्रियांची संघटना उभी केली. या हालचालीतून १९७६ साली शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता सुरू झाला. पण कोणाला? पुरुषांना आणि अविवाहित स्त्रियांना. पतीसमवेत राहणाऱ्या विवाहित स्त्रीला नाही, कारण सरकारचे म्हणणे असे की ती घरीच असते! हे अन्यायाचे वाक्य आपल्याकडच्या घराघरांत रोज उच्चारले जाते; तिकडे ते कायद्यात छापले गेले इतकेच. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी नोकरी सोडलेल्या एका विवाहित स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली. ड्रेक खटला म्हणून तो ओळखला जातो. युरोपीय न्यायालयाने जून १९८६ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि दहा वर्षे नाकारलेला भत्ता विवाहित स्त्रियांनाही मिळू लागला.

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा विमा सक्तीचा आहे. वर्गणी निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. घरची शुश्रूषा करणारी व्यक्ती आजारी पडली किंवा सुट्टीवर गेली तर बदली माणसाचा खर्च हा विमा देतो. जुलै २०२५ पासून बदली शुश्रूषा आणि अल्पकालीन निवास मिळून वर्षाला ३,५३९ युरोपर्यंत, आणि बदली माणूस वर्षातले आठ आठवड्यांपर्यंत. शुश्रूषा करणाऱ्याच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीसुद्धा भरली जाते. मात्र याची दुसरी बाजू आपण समाजवाद्यांनी विसरू नये. मालकांच्या वर्गणीची भरपाई म्हणून सॅक्सनी वगळता सर्व प्रांतांत एक धार्मिक सुट्टी रद्द करण्यात आली. म्हणजे मालकाचा वाटाही कामगारांनी एक दिवस अधिक राबून भरला. आपण योजना मागू तेव्हा ‘पैसा कोणाचा’ हे शेवटच्या कलमात न ठेवता पहिल्या कलमात ठेवले पाहिजे.

एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशामक शुश्रूषेचे एक छोटे केंद्र निघाले. त्यातून गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले, २००८ साली राज्याने त्याचे धोरण केले, आणि आज तेथे पंचायतीची परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जाते. रुग्ण सांभाळणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ या योजनेतून दरमहा ६०० रुपये मिळतात. सहाशे रुपयांत काय होते, असे कोणी विचारील. फार काही होत नाही, हे खरेच. पण त्या रकमेचा धनी रुग्ण नसून सांभाळणारी आहे, ही गोष्ट लहान नाही. सरकारी नोंदवहीत तिचे नाव आले.

येथे एका मतभेदाविषयी बोलले पाहिजे. पैसा द्यावा की सेवा? आपल्यातल्या काही साथींचे मत असे की, घरच्या बाईला दरमहा रोख रक्कम द्या म्हणजे तिच्या श्रमाचा मान राखला जाईल. मी रोख रकमेच्या विरुद्ध नाही. मजुरी बुडालेल्या शेतमजूर बाईला ती मिळालीच पाहिजे. पण पैशाने झोप होत नाही. गावात बदली यायला कोणी नसेल तर भत्ता घेऊनही ती बाई रात्री दोनला उठणारच आहे. आणि भत्ता मिळतो ना, मग कुरकुर कशाची, असे घरातले पुरुष म्हणणार आहेत. नुसता भत्ता तिला उंबऱ्याशी आणखी घट्ट बांधील अशी मला भीती वाटते. म्हणून माझ्या मते आधी सेवा, आणि तिच्यासोबत भत्ता.

दुसरा आक्षेप असा की हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे. माझ्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शहरातला डॉक्टर, अधिकारी, व्यापारी ब्यूरोला फोन करतो आणि बारा तासांची बाई आणतो. उसंत आजही विकत मिळते. प्रश्न तिच्या किमतीचा आहे. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी आजारी माणूस पडला की दोनच वाटा असतात. बाईची मजुरी बंद होते, किंवा मुलीची शाळा. मुलीने आजीपाशी बसायचे आणि आईने खुरपणीला जायचे, अशी किती घरे आपल्याला ठाऊक आहेत! शाळागळतीची कारणे शोधणाऱ्या समित्यांनी कधीतरी त्या अंथरुणाकडेही पाहावे.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. आईबापांची सेवा ही आपली परंपरा आहे, तिला सरकार कशाला? पुंडलिकाची गोष्ट सांगितली जाते. पुंडलिकाने आईवडिलांचे पाय चेपत असताना देवालाही विटेवर थांबविले, हे मलाही आवडते. पण त्या घरात धुणे कोणी धुतले, हे कथेत येत नाही. प्रेम आहे म्हणून उसंत नको, हा युक्तिवाद तर मला अजिबात कळत नाही. झोप न मिळालेल्या माणसाचे प्रेमसुद्धा आंबते. तीन रात्री जागलेल्या बाईने म्हातारीवर हात उगारला आणि मग स्वतःच ढसाढसा रडली, अशी घरे मी पाहिली आहेत. त्या बाईला दोष देणारे मी पुष्कळ पाहिले, बदली जाणारा मात्र विरळा.

तरीही एक अडचण खरीच आहे, आणि ती सरकारी योजना आखणाऱ्यांना सुचत नाही. योजना झाली तरी बाया लगेच उसंत घेणार नाहीत. जिचा मुलगा अनोळखी माणूस पाहताच किंचाळतो ती त्याला दर वेळी नव्या बाईकडे कशी सोपवील? शेजारी काय म्हणतील, सासूला टाकून हिंडते म्हणतील, हेही आहेच. म्हणून येणारी बाई तीच असली पाहिजे, ठरल्या वारी आली पाहिजे, पहिले काही आठवडे घरच्या बाईसोबत बसून तिच्याकडून शिकली पाहिजे. कोणत्या कुशीवर झोपवायचे, कोणते गाणे लावले की मुलगा शांत होतो, हे ज्ञान परिचारिकेच्या पुस्तकात नाही. ते घरच्या बाईपाशी आहे आणि तिला कोणी विचारीत नाही.

आणि ही येणारी बाई कोण? तिचाही विचार आपण केला नाही तर एका बाईची पाठ वाचविण्यासाठी दुसरीची मोडू. आज ब्यूरोमार्फत काम करणाऱ्या बायकांच्या पगारातून ब्यूरो आपला हिस्सा कापून घेतो. बारा तास उभे राहायचे, आजारपणाची रजा नाही, काम सुटले की हिशेब संपला. आपल्या महाराष्ट्राला याचे उत्तर ठाऊक आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने तोलीवाल्याच्या हातून हमाल सोडविला. कामगार, मालक व सरकार यांचे मंडळ केले, मजुरी मंडळात जमा होऊ लागली आणि तिच्यावर लेव्ही बसवून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची सोय झाली. शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठी तसेच मंडळ का होऊ नये? सरकारचा पैसा ब्यूरोच्या दारात न जाता मंडळाच्या खात्यात जावा. आणि हे काम ‘आशां’च्या डोक्यावर मानधनाची आणखी एक चिठ्ठी चिकटवून टाकण्याचा डाव झाला तर आपण तो पहिल्याच दिवशी हाणून पाडला पाहिजे. त्या ‘स्वयंसेविका’ आहेत असे सांगून सरकारने त्यांच्याकडून पुरेसे काम फुकटात करून घेतले आहे.

पैसा कोठून आणावा? याही बाबतीत आपल्या राज्याचा इतिहास आपल्या बाजूला आहे. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. शहरातल्या पगारदाराने दिलेला पैसा दुष्काळी भागातल्या खडी फोडणाऱ्या हातांपर्यंत गेला, आणि तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घातली. १९७७ चा रोजगार हमीचा कायदा त्यावर उभा राहिला. तो कर आजही आहे. पण घटनेने घातलेली वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा १९८८ पासून हललेली नाही. कारकुनाचे २५०० आणि कोटींची फी घेणाऱ्याचेही २५००! ही मर्यादा वाढवायला घटनादुरुस्ती लागेल, म्हणून हे काम उद्या होणारे नाही. पण आपल्या खासदारांनी निदान प्रश्न तरी विचारावा. आणि रोजगार हमीतच आणखी एक धडा होता. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तरतूद होती की, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर एका बाईने ती सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. खडी फोडणे आणि मूल सांभाळणे या दोहोंची किंमत तेथे एक धरली होती. मूल सांभाळण्याला मजुरी, मग म्हातारी सांभाळण्याला का नाही?

उद्यापासून करण्याजोगे एक काम सांगतो. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. ती दरवर्षी पुरती खर्च होतेच असे नाही, आणि होते ती बहुधा वस्तूंच्या वाटपावर. वस्तू वाटल्या की छायाचित्र निघते. बदली बाई पाठविली तर कसले छायाचित्र काढणार? प्रत्येक गावच्या साथीने मागील तीन वर्षांचा या निधीचा जमाखर्च लेखी मागावा. गावात अंथरुणावर किती माणसे आहेत आणि त्यांना कोण सांभाळते, याची यादी घरोघर जाऊन करावी. यादीत सांभाळणारीचे नाव पहिले लिहावे. मग ग्रामसभेत ठराव आणावा की या निधीतून दोन बायकांना शिकवून त्यांना पूर्ण मजुरीवर आठवड्याचे ठरलेले दिवस त्या घरांत पाठवावे. पैसा अपुरा पडेल, हे मी आत्ताच सांगतो. तो अपुरा पडला की तालुक्याला आणि जिल्ह्याला मागायला आपल्या हातात नावे असतील.

ठरावाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात माथाडी धर्तीच्या मंडळाची मागणी आहे, ग्रामीण रुग्णालयात उसंतीसाठी खाटा राखून ठेवण्याची आहे, आणि भत्त्याचीही आहे. भत्त्याच्या रकमेची जागा मी कोरी ठेवली आहे. ती आज सकाळी आलेल्या भगिनींनी आपसात ठरवावी. घरी कोणाला तरी बसवून त्या आल्या आहेत, त्यामुळे त्यांना चारच्या गाडीने परतायचे आहे. दुरुस्त्या त्याआधी लेखी द्याव्यात.